धुळ्याच्या उन्हात बर्फाची तयारी

परवा मालेगावहून एक लग्न आटोपून परत येत होतो. लळिंगच्या पायथ्याशी ड्रायव्हरला चहाची तल्लफ आली आणि गाडी थांबली. वैशाखातली संध्याकाळ. ऊन उतरलं होतं, पण डांबरातून अजून वाफ निघत होती. हायवेवरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकमागे गरम धुळीचा एक लोट अंगावर येत होता. माझे यजमान, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात आणि मीही म्हणते, पाय मोकळे करायला खाली उतरले. मी मात्र बसूनच होते. या रस्त्याने जाताना मी नेहमी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसते. परवा गाडी पाहुण्यांनी भरलेली, ती जागा कुणी दिली नाही, म्हणून समोर तो डोंगर आला.

फार उंच नाही तो. धुळ्याची माणसं त्याला किल्ला म्हणतात. वर पडकी तटबंदी आहे, खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, देवीचं देऊळ आहे, आणि भोवती सगळं कुरण. उन्हाळ्यात ते गवत वाळून सोनेरी होतं आणि वारा आला की कागद चुरगळल्यासारखं वाजतं. तो आवाज काचेतूनही ऐकू आला. मी काच खाली केली. वाळलेलं गवत, शेळ्या, दूर कुठेतरी पेटवलेला पाला. हा वास नाकात गेला आणि माझी एक पूर्ण ऋतूभर लांब सकाळ परत आली.

हर्षल आमचा एकुलता एक मुलगा. जळगावला पाइपच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याची बायको तेजल रावेरकडची, केळीच्या बागांमध्ये वाढलेली. जळगावातच रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. दोघांचं दोन खोल्यांचं घर होतं. मी गेले की सकाळी डाळ मिलकडून वारा यायचा आणि घरभर तुरीच्या सालाचा कोरडा, गोडसर वास पसरायचा. त्या घरात दोन माणसांना पुरतील एवढीच भांडी होती. मी गेले की तेजल वाटीत चहा प्यायची आणि कप मला द्यायची.

हर्षलला डोंगरांचं वेड. आमच्या खान्देशात सपाट काळी जमीन आणि वर पांढरं आभाळ. हे वेड त्याने कुठून आणलं कोण जाणे. सातपुड्यात भटकायचा, सह्याद्रीत जायचा, पण डोळा होता तो नेपाळवर. एव्हरेस्टच्या पायथ्याला जो तळ असतो, तिथपर्यंत चालत जायचं. लग्नानंतर त्याने तेजललाही त्या नादाला लावलं. दोघांचे बूट एकाच दिवशी कुरियरने आले. मी तेव्हा तिथेच होते. दोघांनी ते घरातच घातले आणि स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मारल्या. खालचा भाडेकरू वर बघायला आला, काय पडलं म्हणून. "उंचीवर हळू चालायचं असतं, आई," हर्षल मला समजावत होता, "घाई केली की डोकं दुखतं. जो हळू जातो तोच पोचतो." आणि हे सांगताना स्वतः खोलीभर धाडधाड चालत होता.

मग त्या वर्षी गणपती उठले आणि थोड्याच दिवसांत हर्षल गेला. कसा, काय, ते मी इथे लिहिणार नाही. लिहिलं म्हणून काही वेगळं होणार नाही.

दिवसकार्यासाठी तेजल धुळ्याला आली ती आमच्याकडेच राहिली. तिचे वडील रावेरहून न्यायला आले होते. ती उंबऱ्यात बसून त्यांना म्हणाली, "आत्ता नको, पप्पा." त्यांनी जास्त आग्रह केला नाही. माझ्या घरात मग तीन माणसं राहू लागली, आणि तिघंही पायांचा आवाज न करता चालायची. सकाळी नाना अंगणातल्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसत. तेजल भांडी घासायची, मी विसळायची. एकमेकींकडे बघायचं नाही, असं न बोलता ठरलेलं. बघितलं की दोघींपैकी एक रडायची आणि मग दुसरीला स्वयंपाक करावा लागायचा.

संक्रांत जवळ आली होती. सण नव्हताच करायचा, पण नानांना थंडीत तिळाची चटणी लागते म्हणून मी तीळ भाजत होते. हर्षलचा फोन तेजल अजून चार्ज करून ठेवायची. तो फोन वाजला. किती दिवसांनी त्याच्या रिंगचं ते गाणं घरात वाजलं! तेजलने धावत जाऊन उचलला. पलीकडे काठमांडूचा वाटाड्या होता. हर्षलने पावसाळ्यातच त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. आवाज एवढा मोठा होता की मला चुलीपाशी ऐकू येत होता.

"हर्षल जी, वैशाख का पक्का है ना? दो लोग?"

तेजल भिंतीला टेकून उभी होती. पलीकडून हॅलो हॅलो चाललं होतं. मग म्हणाली, "पक्का है. लेकिन इस बार एक ही आएगा."

माझ्या कढईतले तीळ जळले. तो कडू धूर दिवसभर घरात राहिला.

जेवताना तिने नानांना विचारलं. म्हणजे विचारलं असंही नाही. "मी जाऊ?" एवढंच म्हणाली आणि ताटात बघत बसली. मला वाटलं, नाना चिडतील. घरात अजून वर्षश्राद्ध व्हायचं, भाऊबंदांत आधीच कुजबुज, एवढी तरणी पोर सासरी का ठेवली म्हणून. आणि ती परदेशात, बर्फात, एकटी. नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, आणि तो तसाच धरून म्हणाले, "पण तयारी नीट करजो, बेटा." नाना आहेत साक्रीकडच्या शेतकरी घरातले; नोकरी सगळी धुळ्यात गेली, तरी मन हललं की बोली येते तोंडात.

दुसऱ्या दिवसापासून घराला सकाळ आली.

पहाटे उठायचं, तेजलने बूट चढवायचे आणि पांझरेच्या काठाने चालत सुटायचं. तिला एकटी सोडायची नाही म्हणून मी मागे. माझ्या पायात साध्या चपला, गुडघ्याला पट्टा. नदीत पाणी असं नसतंच. डबकी, त्यांच्या काठाला बगळे, आणि थंडीत पाण्यावर तरंगणारी विरळ वाफ. ती पुढे निघून जायची, मग वळून माझ्यापर्यंत यायची, पुन्हा पुढे जायची. मी एक फेरी केली की तिच्या दोन व्हायच्या. चालताना आम्ही बोलत नव्हतो. पण चालणाऱ्या दोन बायकांमधली ती शांतता घरातल्या शांततेसारखी नव्हती. एकदा तिने मागे न बघताच हात मागे केला, दगडावरून उतरताना मला आधाराला म्हणून. आणि मग रोज त्या दगडापाशी तो हात मागे येऊ लागला.

रविवारी लळिंग. आधी मी खाली गावातच एका ओट्यावर बसून राहायची आणि ती वर जाऊन यायची. मग मी पहिल्या वळणापर्यंत जाऊ लागले. मग टाक्यांपर्यंत. माघ संपता संपता एका रविवारी मी थेट वर पोचले. देवळाच्या पायरीवर बसले तर छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली. तेजलने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "आई, हर्षलला सांगायला हवं होतं." हर्षल गेल्यानंतर त्याचं नाव असं, सहज, आमच्यामध्ये पहिल्यांदाच आलं. आम्ही दोघी रडलो नाही. वरून धुळं दिसत होतं, धुरकट. हायवेवरचे ट्रक मुंग्यांसारखे सरकत होते, आणि त्यांचा आवाज वरपर्यंत पोचत नव्हता.

खरा डोंगर चढायचा तर पाठीवर ओझं हवं. तेजल पिशवीत विटा भरणार होती. नाना म्हणाले, विटा टोचतील. त्यांनी जुन्या उशांच्या खोळी काढल्या, त्यात शेतावरून आलेली दादर भरली. आमच्याकडच्या ज्वारीला दादर म्हणतात. खोळींची तोंडं सुतळीने शिवली आणि तिच्या पिशवीत त्या नीट रचल्या. दर आठवड्याला एक खोळ वाढायची. शिवायचे नानाच. दाभण घेऊन कडुलिंबाखाली बसलेले, चष्मा नाकावर घसरलेला. त्या माणसाच्या हातांना कित्येक दिवसांनी काम मिळालं होतं. खोळी जुन्या झाल्या की ती दादर दळायला जायची आणि नवी भरली जायची. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात खाल्लेली प्रत्येक भाकरी आधी लळिंग चढून आलेली होती. तव्यावर ती टम्म फुगायची, तिचा खरपूस वास सुटायचा, आणि तेजल म्हणायची, "नाना, ही दमलेली दिसत नाही."

फाल्गुनात पळस पेटला. कुरणातलं गवत कडक झालं. एका सकाळी मोळी घेऊन उतरणारी एक म्हातारी वाटेत बसली होती. आम्हाला ती दर रविवारी बघायची. त्या दिवशी तिने विचारलंच, "अक्का, इतल्या उनमा कथा जातस? वर काय शे?"

"काही नाही, आजी," मी म्हटलं, "सवय करतोय. पोरीला मोठ्या डोंगरावर जायचंय."

म्हातारीने तेजलच्या बुटांकडे पाहिलं, पाठीवरच्या पिशवीकडे पाहिलं, मग तिच्या मोकळ्या कपाळाकडे. आणि मला विचारलं, "तुमनी आंडेर शे का?"

आंडेर म्हणजे मुलगी, शे म्हणजे आहे. मी शब्द जुळवत होते. सून म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार होता, आणि त्याचं उत्तर मला त्या उन्हात द्यायचं नव्हतं. तेवढ्यात तेजल म्हणाली, "हा, आंडेर शे." रावेरकडची बोली वेगळी, तिच्या तोंडात तो धुळ्याचा शब्द थोडा तिरपा आला. म्हातारी हसली, मोळी उचलून खाली गेली. आम्ही वर चढत राहिलो. बरंच अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण पट्टा न बांधताच आलोय आणि गुडघा दुखत नाहीये.

चैत्रात तयारीने घर भरलं. जाडे लोकरीचे मोजे, ओठांना लावायचं मलम, उंचीवर घ्यायच्या गोळ्या, नाशिकच्या कुणाकडून मागून आणलेली झोपायची पिशवी. तिला डांबराच्या गोळ्यांचा आणि अनोळखी माणसांचा वास येत होता. ती आम्ही गच्चीवर उन्हात टाकली. मी बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, भाजून त्यांचा चुरा केला, त्यात दाणे आणि तिखट घातलं. रावेरहून तिच्या आईने केळीचे वेफर पाठवले, डबाभर. जवसाची चटणी झाली. तेजल म्हणाली, "आई, तिथेही जेवायला मिळतं." मी म्हटलं, "मिळत असेल. माझ्या हातचं मिळत नसेल."

आणि त्या दुपारी नानांनी बर्फ आणला. भुशातली लादी, गोणपाटात गुंडाळून, स्कूटरच्या पायाशी ठेवून. घरी पोचेपर्यंत अर्धी वितळली होती आणि नानांची पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, की थंडीत बोटं बधिर होतात आणि बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नाही. म्हणून त्यांनी बर्फ घंगाळात टाकला आणि तेजलला सांगितलं, "हात घाल, आणि मग नाडी बांधून दाखव." बाहेर पाखरं झाडात गप्प बसलेली, रस्त्यावर माणूस नाही, आणि आमच्या पडवीत ही पोर पिसांचं जाड जॅकेट घालून, कानटोपी ओढून, बर्फात हात बुडवून बसलेली. कपाळावरून घाम गळतोय, हात थंडीने लाल झालेत. नाना घड्याळ धरून उभे. "आता बांध!" तिची बोटं वळेनात. एकदा सुटली, दोनदा सुटली. तिसऱ्यांदा गाठ बसली, तर ती नानांच्या धोतराच्या सोग्यासकट. पँट ओली म्हणून त्यांनी धोतर गुंडाळलं होतं ना! नाना हसले. आधी नुसतं नाकातून, मग मोठ्यांदा, मग पोट धरून. तेजल हसली, मी हसले. शेजारच्या बायका कुंपणापाशी आल्या. हसता हसता नाना खाली बसले आणि तसेच रडायला लागले. हर्षल गेल्यापासून ते रडले नव्हते. तेजलने ते जाड जॅकेट तसंच अंगात असताना त्यांना मिठी मारली. घंगाळात बर्फाचा शेवटचा तुकडा कडेला आपटत होता. त्याचा तो टिंग टिंग आवाज मला अजून ऐकू येतो.

जायच्या आदल्या दिवशी पिशवी भरताना मी हर्षलचा एक फोटो आणला. लहानसा होता, प्लॅस्टिकमध्ये घातलेला. माझ्या मनात ते कधीपासून होतं. मी म्हटलं, "एवढा तिथे ठेवून ये. त्याला जायचं होतं. तो तरी पोचू दे."

तेजलने फोटो हातात घेतला, ओढणीने पुसला. मला वाटलं ती पिशवीत ठेवेल. तिने तो परत माझ्या हातात दिला.

"नको, आई. मी परत येणार. तिथे त्याला एकट्याला कशाला ठेवू?"

मी तो फोटो घेऊन देवघरापाशी गेले आणि किती तरी वेळ मला तो ठेवायला जागा सापडेना.

भुसावळहून तिला गोरखपूरची गाडी होती. तिथून पुढे बसने सरहद्द आणि मग काठमांडू. आम्ही तिघं धुळ्याहून बसने निघालो. जळगाव आलं तशी ती खिडकीबाहेर बघू लागली. दोघांचं ते घर आता दुसऱ्याचं झालं होतं. बस त्या रस्त्यावरून गेली नाही, तरी ती मान वळवून बघत राहिली. भुसावळच्या फलाटावर तिचे आई-वडील रावेरहून आले होते. फलाट भट्टीसारखा तापलेला. थंड पाण्याचे माठ, केळीच्या साली, डब्यांच्या चाकांखालून येणारा गंजलेल्या ओल्या लोखंडाचा वास. तिची आई माझ्याशी बोलत नव्हती. गाडीची घोषणा झाली, तेजल आणि दोन्ही बाप डबा शोधायला पुढे गेले, तेव्हा ती माझ्याजवळ आली. बारीक, सावळी, केळीच्या डागांनी बोटं काळी झालेली बाई. म्हणाली, "तुमचा गेला तं गेला. आता माह्या पोरीले काहून धाडता?"

ती जे म्हणत होती ते मी रोज पहाटे स्वतःला विचारत आले होते. गाडी हलली. तेजल दारात उभी राहून हात हलवत होती. आम्ही दोघी बायका फलाटावर शेजारी शेजारी उभ्या राहून एकाच हाताकडे बघत होतो.

ती तिकडे चालत असतानाच आखाजी आली. अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात हा लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. एकाच घरात एका दाराने लेक येते आणि दुसऱ्या दाराने पितर. त्या वर्षी हर्षलची पहिली घागर होती. बापाने मुलाची घागर भरायची. नानांनी ती भरली, निखाऱ्यांवर तुपाचा घास टाकला. धूर उठला. गल्लीतून झोक्यावरच्या मुलींचा आवाज येत होता. मी आमरसाची वाटी हातात घेऊन उभी होते आणि तेवढ्यात फोन वाजला.

आवाज फार लांबून येत होता. प्रत्येक शब्दानंतर तिला थांबून श्वास घ्यावा लागत होता.

"आई. पोचले."

"कसं आहे गं तिथे?"

"काही नाही इथे. दगड आहेत. बर्फ आहे." मग बराच वेळ नुसता वारा. "नाडी बांधता आली, नानांना सांगा."

"रडलीस का?"

"नाही. रडायला श्वासच पुरत नाही, आई."

फोन तुटला. मी नानांना नाडीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आणखी एक घास निखाऱ्यावर टाकला.

ती परत आली तेव्हा काळीठिक्कर पडली होती. नाकाची साल निघालेली, गाल आत गेलेले. दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी उठून माझ्याकडे भाकरी मागितली आणि तव्यावरून एकेक काढत खात सुटली. मी थापत राहिले. हर्षल गेल्यानंतर ती अशी जेवलीच नव्हती. मला तेव्हाच समजायला हवं होतं. ती तिकडून परत आली होती. पण आमच्याजवळ थांबायला आली नव्हती. पोर जगायला लागली होती.

मी मात्र पहाटे उठून बसायची. चपला घालून अंगणात यायची. आत ती गाढ झोपलेली. आता कुठे जायचं होतं? तयारी संपली होती. नानांनी शिवलेली शेवटची खोळ कोपऱ्यात होती. मी ती उसवली आणि दादर डब्यात ओतली. दाण्यांचा तो आवाज संपला तेव्हा घरात आधीसारखीच सकाळ होती.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या वडिलांनी एक स्थळ आणलं. बडोद्याचा मुलगा, माणसं आपल्याकडचीच, चांगली. तेजल ते मला सांगायला गच्चीवर आली. मी बिबड्या वाळत घालत होते. ती माझ्यासमोर बसली आणि पातेल्याच्या कडेचं पीठ खरवडत म्हणाली, "तुम्ही नाही म्हणा. मी लगेच नाही म्हणते."

तिला खरंच तसं वाटत होतं. मी नाही म्हटलं असतं तर ती राहिली असती, मला ते पक्कं ठाऊक होतं. तिच्याकडे बघत मी विचार केला: आपण साठी ओलांडलेली, नाना त्याहून मोठे. आणखी काही वर्षांनी या गच्चीवर ही एकटी बसलेली असेल, बिबड्या वाळत घालत. माझे हात पिठाने भरलेले होते, म्हणून तिच्या गालाला हात लावता आला नाही.

"हो म्हण," मी म्हटलं.

"आई..."

"हो म्हण, तेजल. आणि आता खाली जा, मला हे उन्हाच्या आत संपवायचंय."

ती गेली. मी त्या दिवशी बिबड्या फार पातळ घातल्या. वाळल्यावर सगळ्या तडकल्या.

लग्न रावेरला झालं, घरच्या घरी. आम्ही जावं की जाऊ नये, ठरेना. आम्हाला बघून लोकांना हर्षल दिसणार. पण तिची आई स्वतः धुळ्याला आली न्यायला. मांडवात मला पुढे बसवून ती माझा हात धरून म्हणाली, "त्या दिवशी फलाटावर मी लई बोलली, ताई."

"आई आहात तुम्ही. बोलणारच," मी म्हटलं.

अक्षता पडल्या. आम्हा दोघींचे हात एकाच वेळी वर गेले.

त्यानंतरच्या आखाजीला तेजल माहेरपणाला आली, एक दिवस रावेरला आणि एक दिवस आमच्याकडे. नवराही आला होता, शांत मुलगा. घागरीपुढे त्याने हात जोडले तेव्हा नाना आत निघून गेले. आता बडोद्याच्या सासूबाईही तिच्या आई, म्हणून मला ती फोनवर 'धुळ्याच्या आई' म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते 'धुळ्याच्या' कानाला टोचलं. मग सवय झाली. रोजचा फोन आठवड्याचा झाला, आठवड्याचा सणावारी. तिला मुलगी झाली आहे. या आखाजीला येणार होती. मी पुरण घातलं होतं, नानांनी कडुलिंबाला दोर बांधून पाळणा केला होता. सकाळी फोन आला, बाळाला ताप आहे, नाही जमणार. मी म्हटलं, बाळाला जप, आंबे पाठवून देते. त्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरींना बोलावून पोळ्या वाढल्या. नानांनी दोर दोन दिवस सोडला नाही.

परवा त्या डोंगराखाली गाडीत बसून हे सगळं समोर येत होतं. ड्रायव्हरचा चहा संपला होता. नाना रस्त्याच्या कडेला उभे राहून कुरणाकडे बघत होते. वाटेवरून काही पोरं वर चालली होती, शहरातली, हातात मोबाइल घेऊन. ती पहिल्या वळणाआड गेली. मी खाली उतरून नानांजवळ गेले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती ऱ्हाती ना, तं आतेपावत वर पोची जाती."

मी दचकले. तेजल असती तर आत्तापर्यंत वर पोचली असती, हे बोलणं मला ओळखीचं होतं. हर्षल गेल्यावर वर्षभर ते असंच बोलायचे: तो असता तर आता कामावरून आला असता, तो असता तर हे दार दुरुस्त केलं असतं. आज तोच आवाज, तेच शब्द, पण बडोद्यात आपल्या घरी सुखाने नांदणाऱ्या पोरीसाठी. आणि मला ते चूक वाटलं नाही. मीही दोघांना एकाच जागी शोधत होते.

"ती आहे, नाना," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले. "शे."

मग आम्ही गाडीत बसलो. या वेळी मी जागा बदलून मागितली नाही. धुळं येईपर्यंत नानांनी खिडकीची काच वर केली नाही, आणि केस विस्कटवणारा तो गरम वारा आम्ही दोघांनी अंगावर घेतला.